दर गुरुवारी त्या घरी

समितीचं पूर्ण नाव इतकं लांब होतं की ते दारावरच्या पाटीत मावेना. म्हणून पाटीवर नुसतंच ‘अभ्यास समिती’ लिहिलं होतं, आणि कसला अभ्यास, हे विचारायलाही कोणी येत नव्हतं. सरकारने तिला तीन प्रश्न दिले होते. दहशतवाद म्हणजे काय? तो का होतो? तो कसा संपवायचा? मुदत एका वर्षाची होती. आता तिसरं वर्ष अर्ध्यावर आलं होतं.

समितीत तीन माणसं. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. त्यांना सगळे साहेब म्हणत. दुसरे निवृत्त पोलीस अधिकारी, अंगाने आडवे, प्रत्येक वाक्याला टेबलावर बोट आपटणारे. तिसरे प्राध्यापक, चष्मा कपाळावर सरकवून मग तोच शोधत बसणारे. आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी स्टेनोबाई. तिघं बोलायचे, बाई लघुलिपीत उतरवून घ्यायच्या आणि दुपारी टाइप करायच्या.

पहिल्या प्रश्नानेच चौदा महिने खाल्ले. ‘निरपराध’ हा शब्द ठेवायचा की काढायचा, यावर तीन बैठका झाल्या. सैन्याने वस्तीवर बॉम्ब टाकला तर त्याला काय म्हणायचं, असं प्राध्यापकांनी विचारलं की अधिकारी खुर्ची मागे ढकलून खिडकीशी जाऊन उभे राहायचे. साहेब म्हणायचे, “बाई, हे वगळा.” पाच मिनिटांनी म्हणायचे, “बाई, ते वगळलेलं परत घ्या.” व्याख्येचा एकेचाळिसावा मसुदा टाइप करताना बाईंच्या लक्षात आलं, की हा तर जवळजवळ सहावाच आहे. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यावरही बैठक झाली असती.

ही नोकरी बाईंना नवऱ्याच्या जाण्यामुळे मिळाली होती. घरातला नळ गळत होता म्हणून तो बाजारात वॉशर आणायला गेला. दहा मिनिटांत येतो म्हणाला. त्या सकाळी बाजारात स्फोट झाला. अकरा माणसं गेली. बॉम्ब ठेवणारा चोवीस वर्षांचा मुलगाही तिथेच मेला, पण त्याला कोणी मोजलं नाही. नंतर मदत म्हणून बाईंना सरकारी जागा दिली गेली, आणि जागा रिकामी होती ती नेमकी याच समितीत. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. कारकुनाने यादीत वरचं नाव आणि वरची जागा जुळवली, इतकंच.

घरी आता बाई आणि सासूबाई. सासूबाईंनी त्यांचा पलंग खिडकीपासून काढून आतल्या भिंतीला लावून घेतला होता. खालच्या रस्त्यावर कोणी दुकानाचं शटर जोरात ओढलं तरी त्यांच्या हातातला पेला हिंदकळायचा. बाईंना बसमध्ये मालक नसलेली पिशवी दिसली की त्या मधल्याच थांब्यावर उतरून उरलेलं अंतर चालत जायच्या. कधी पिशवीचा मालक मागून धावत यायचा, बिचारा तिकीट काढायला पुढे गेलेला असायचा. तरी बाई उतरायच्याच. दहशत म्हणजे काय, हे त्यांना विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं. पण लिहून घेणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही.

दुसऱ्या प्रश्नावर साक्षी सुरू झाल्या. तज्ज्ञ आले, आकडे आले, नकाशे आले. मग एके दिवशी साहेबांनी बाईंना आत बोलावलं.

“पुढच्या सोमवारी त्या मुलाच्या आईची साक्ष आहे,” ते म्हणाले. कोणत्या मुलाच्या, ते त्यांनी सांगितलं नाही. “तुम्ही त्या दिवशी रजा घ्या.”

“आणि लिहून कोण घेणार, साहेब?”

साहेबांनी डोळे चोळले. “खरंय. दुसरं कोणी नाही.”

सोमवारी ती आई आली. हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायचं तिचं काम होतं. ते स्फोटानंतर गेलं. हात भाजल्याच्या जुन्या खुणा मनगटापर्यंत. खुर्चीच्या कडेला टेकून बसली, पाणी दिलं तर दोन्ही हातांनी पेला धरून तसाच ठेवला. बाईंनी वहीतून मान वर केली नाही.

मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत कामाला होता, असं तिने सांगितलं. एका पहाटे पोलिसांनी वस्तीतून पस्तीस मुलं उचलली, त्यात हाही. नावात गल्लत झाली होती. एकोणीस दिवसांनी सोडून दिलं.

“आत काय झालं, ते सांगितलं का त्याने?” प्राध्यापकांनी विचारलं.

“नाही. पण बाहेर आल्यावर तो दाराकडे पाठ करून बसायचा नाही.”

कंपनीने कामावर घेतलं नाही. तुझा काही दोष नव्हता असा कागद आण, म्हणाले. तो कागद आणायला मुलगा आठ महिने फिरला. एका टेबलावर सांगितलं, तुझ्यावर खटलाच नव्हता तर सुटल्याचा कागद कसला देणार? दुसऱ्या टेबलावर सांगितलं, उद्या या. मग त्याने बोलणं सोडलं.

“आणि मग त्याला कोणीतरी भेटला,” आई म्हणाली. “चहाच्या टपरीवर. तो माणूस त्याचं ऐकून घ्यायचा. तासन्‌तास. माझ्या मुलाने मला जे सांगितलं नाही ते त्याला सांगितलं. मला बरंच वाटलं तेव्हा. म्हटलं, पोरगा कोणाशी तरी बोलतोय.”

अधिकाऱ्यांनी टेबलावर बोट आपटलं. “म्हणजे तुमचं म्हणणं, पोलिसांमुळे त्याने अकरा माणसं मारली?”

“नाही, साहेब.” ती पहिल्यांदाच सरळ बसली. “त्या दिवशी पस्तीस पोरं उचलली होती. चौतिसांनी काही केलं नाही. कोणी रिक्षा चालवतो, एकाचं लग्न झालं, एक दारू पितो. माझ्याच पोराने केलं. ते मी कोणाच्या डोक्यावर ठेवू? तुम्ही विचारलंत काय काय झालं, म्हणून सांगितलं. त्याने असं का केलं, ते मला विचारू नका. मला कळलं असतं तर मी दार लावून घेतलं असतं आणि त्याला बाहेर जाऊ दिलं नसतं.”

  बाईंची पेन्सिल ‘नसतं’वर येऊन थांबली. टोक मोडलं होतं.

जबाब टाइप झाला, बावीस पानं. प्रत्येक पानावर साक्षीदाराची सही लागते. ठरलेल्या तारखेला आई आली नाही. निरोप आला की पाय सुजलाय, जिना उतरवत नाही. शिपायाला पाठवायचं ठरलं, तर तो म्हणाला, “त्या घरी? नको हो. माझी मेहुणी त्याच रस्त्यावर राहते. उद्या सगळीकडे होईल की मी तिकडे गेलो होतो.” साहेबांनी बाईंकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

“द्या इकडे,” बाई म्हणाल्या. “दिवसाउजेडी जाऊन येते.”

गुरुवार होता. इमारत चार मजली, जिन्याच्या कठड्याचा रंग हातांनी घासून गेलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दारावर कोणीतरी काळ्या रंगात एक शिवी लिहिली होती. ती घासून काढायचा प्रयत्न झाला होता, त्यामुळे दाराचा मूळ रंग गेला आणि शिवी राहिली.

दार मुलीने उघडलं. मेलेल्या मुलाची धाकटी बहीण, विशीच्या आसपास. केस घट्ट मागे बांधलेले, चेहरा त्याहून घट्ट.

आत एकुलत्या एका खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते. स्वच्छ शर्ट, मऊ आवाज. त्यांच्या पायाशी किराण्याची पिशवी. धाकटी त्यांना मामा म्हणत होती.

“तुम्ही समितीच्या का?” त्यांनी हसून विचारलं. “छान. निदान कोणीतरी आलं. या मुलीला प्रयोगशाळेच्या कोर्समधून नाव काढून घरी बसवली, याची नोंद आहे का तुमच्या समितीत? रक्त तपासायला शिकत होती. म्हणाले, हिच्या हातात रुग्णांचं रक्त कसं द्यायचं? भावाने केलं, बहिणीने भोगायचं. हा न्याय आहे का, सांगा.”

बाईंनी जबाबाची पानं बाहेर काढली. न्याय नव्हताच. मामांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला, “मी आहे,” म्हणाले आणि निघून गेले.

बाई जमिनीवर बसून एकेक पान वाचून दाखवू लागल्या. आई पान झालं की सही करायची, सावकाश, शाळेत शिकवल्यासारखी. धाकटी पाणी भरायला खाली गेली, तशी आईने पेन खाली ठेवलं.

“हा माणूस नवीन आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. “पण बोलणं तेच आहे. दर गुरुवारी येतो. दोन तास तिचं ऐकून घेतो.”

बाईंनी हातातलं पान बाजूला ठेवलं. “पोलिसांना सांगा की.”

“सांगते. मग ते आधी कोणाला नेतील? तिला. आणि एकोणीस दिवसांनी मला काय परत मिळेल?” मग तिने बाईंकडे नीट बघितलं. “तुमचं कोण गेलं होतं हो?”

“कशावरून?”

“त्या दिवशी सगळे माझ्याकडे बघत होते. तुम्ही एकदाही बघितलं नाहीत.”

बाईंनी पानं सारखी केली. परत सारखी केली. “नवरा,” त्या म्हणाल्या.

आईने पेन परत हातात घेतलं. ती रडली नाही. म्हणाली, “मी माफी मागायचं म्हटलं तर ती कोणाच्या नावाने मागू, हेच कळत नाही. तो माझाच होता. पण अजून आठ पानं राहिलीत ना? द्या.”

घरी येऊन बाईंनी सासूबाईंना सांगितलं. लपवता आलं असतं, पण चार वर्षं त्या घरात दोघींशिवाय कोणी नव्हतं. लपवायचं कुठे आणि कोणापासून?

“त्या घरात गेलीस?” सासूबाईंचा आवाज फुटला. “माझ्या लेकाला ज्यांनी मारलं त्यांच्या घरी बसलीस तू? चहा घेतलास?”

“पाणी घेतलं, आई.”

“पाणी घेतलं!” सासूबाई उठून आतल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपल्या. त्यानंतर चार महिने त्या बाईंशी कामापुरतंच बोलल्या. मीठ संपलंय. दूध उतू जातंय. एवढंच.

बाईंना काही करायचं नव्हतं. हे खरं सांगायला हवं, कारण नंतर लोकांनी त्यांच्याबद्दल भलतंसलतं चांगलं बोलायला सुरुवात केली. त्या दमल्या होत्या. आपल्या वाट्याचं आपण भोगलं, आता दुसऱ्याची मुलगी कुठे चालली आहे हे बघायचं कामही आपल्यालाच का, असं त्यांना दोन दिवस वाटत राहिलं. पण डोळे मिटले की तो मऊ आवाज ऐकू यायचा. ‘मी आहे.’ कोणीतरी असंच कोणालातरी म्हणालं होतं, आणि मग बाजारात अकरा माणसं पडली होती.

साहेबांना सांगावं तर ते म्हणाले असते, समितीचं काम अभ्यासाचं आहे. म्हणून बैठक संपल्यावर त्या अधिकाऱ्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेल्या आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, हे आता फोन काढतील आणि संध्याकाळपर्यंत त्या वस्तीत गाड्या उभ्या राहतील.

अधिकारी जिन्याच्या पायरीवरच बसले. गुडघे दुखायचे त्यांचे.

“बाई, तीस वर्षं मी माणसं उचलली,” ते म्हणाले. “ती पस्तीस पोरं उचलली त्या यादीवर सही माझ्या हाताखालच्या माणसाची होती. समितीत हे कोणाला माहीत नाही. तुम्हीही लिहून घेऊ नका.” मग म्हणाले, “त्या माणसाबद्दल काय माहीत आहे ते मला सांगा. मुलीबद्दल एक अक्षर नको. तिचं नाव कुठल्याच कागदावर येता कामा नये. बघतो.”

“मग सुटला प्रश्न.”

“कसला सुटतोय? त्याला उचलतील. ती खुर्ची रिकामी होईल आणि तिथे दुसरा येऊन बसेल. यांच्याकडे माणसांना तोटा नाही. ऐकून घ्यायला वेळ फक्त यांच्याकडेच असतो. आमच्याकडे कधी नव्हता.”

पुढच्या गुरुवारी बाई जबाबातली एक चूक दुरुस्त करायचं निमित्त काढून गेल्या. मामा बसलेलेच होते. बाईही बसल्या. दोघंही उठेनात. शेवटी मामांनाच बोलायला विषय उरला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी बाई परत गेल्या. या वेळी निमित्तसुद्धा नव्हतं.

धाकटी दारातच आडवी उभी राहिली. “आईने सांगितलं मला तुमचं. मग तुम्ही का येता? आम्हाला बघायला? कसे दिसतात ते?”

“गुरुवारी मला ऑफिसातून लवकर सोडतात,” बाई म्हणाल्या.

“हे काय उत्तर झालं?”

“दुसरं नाहीये माझ्याकडे. आत येऊ का? तीन मजले चढून आलेय.”

मामा कुठल्याशा दुसऱ्या शहरात पकडले गेले. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. धाकटीने त्या वाचल्या, कागद घडी करून ठेवला आणि दोन दिवस जेवली नाही. तो वाईट होता म्हणून नाही. वाईट असला तरी तो यायचा, आणि आता कोणीच येणार नव्हतं, म्हणून. हे तिने बाईंना फार उशिरा सांगितलं.

तेव्हा बाईंनी आपल्याला जे येत होतं ते सुरू केलं. त्यांना भाषण करता येत नव्हतं, समजूत घालता येत नव्हती. अर्ज करता येत होता. कोणत्या टेबलावर कोणत्या शब्दाने कागद पुढे सरकतो आणि कोणत्या शब्दाने तो खालच्या खणात जातो, हे त्यांना पाठ होतं. धाकटीचं नाव कोर्समधून काढलं ते कोणत्या नियमाखाली, असा साधा प्रश्न विचारणारा अर्ज त्यांनी टाइप केला. उत्तर आलं नाही. दुसरा केला. तिसऱ्याची प्रत वरच्या कार्यालयाला. मग एक दिवस रजा टाकून धाकटीला घेऊन संस्थेत गेल्या.

खिडकीतला कारकून म्हणाला, “उद्या या.”

धाकटी वळली. बाई वळल्या नाहीत. “उद्या नको. आम्ही इथे बाकावर बसतो. तुमचं आटपलं की हाक मारा.”

“अहो, संध्याकाळ होईल.”

“होऊ द्या. मी डबा आणलाय.”

संध्याकाळी हाक आली. मग परत ‘उद्या’ आला. असे नऊ-दहा ‘उद्या’ झाले. एकदा बाकावर बसल्या बसल्या धाकटी म्हणाली, “दादाबरोबर कोणी असं बसलं नाही. आईला कामावरून सुटी नव्हती आणि मी शाळेत.” मग लगेच म्हणाली, “याचा अर्थ तो बरोबर होता असा नाही. तुम्ही तसं समजू नका.”

“मी काही समजत नाही,” बाई म्हणाल्या. “माझी कंबर धरलीये.”

आठ महिन्यांनी तिला कोर्सला घेतलं. त्या संस्थेने नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाला एक लहानशी संस्था होती, तिथल्या मुख्य बाईंनी अर्जांची जाडजूड फाइल बघितली आणि म्हणाल्या, “एवढं चिकट माणूस सुया टोचायला बरं.” कोर्स झाला. एका छोट्या प्रयोगशाळेत ती कामाला लागली. पांढरा कोट मिळाला, तो आईने इस्त्री करून दिला. त्या मधल्या काळात एकदा एक नवाच माणूस किराणा घेऊन आला होता. खुर्चीवर बाई बसलेल्या. तो पाणी प्यायला, कोण, कुठल्या, अशी चौकशी केली आणि गेला. पुन्हा आला नाही.

समितीचा अहवाल सादर झाला. कारणांची एकशे दहा पानं, उपायांच्या त्रेसष्ट शिफारशी. आईच्या बावीस पानांतल्या तीन ओळी परिशिष्टात आल्या. व्याख्येवर शेवटपर्यंत एकमत झालं नाही, म्हणून तिथे एक टीप टाकली. साहेब आणि बाई टाचणी लावलेल्या प्रती मोजत होते तेव्हा साहेब म्हणाले, “तीन वर्षांत तुम्हाला कधी विचारलंच नाही आम्ही.” आणि तरीही विचारलं नाही. बाईंची बदली जमीन मोजणी खात्यात झाली. एका गुरुवारी त्या तापाने फणफणल्या होत्या, तेव्हा सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, “आज जायचं नाही का?” तेवढंच. त्या वाक्यात राग होता की काय होतं, हे बाईंना ठरवता आलं नाही, आणि ठरवायचं त्राणही नव्हतं.

मग एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास, शहराच्या पलीकडच्या भागात रेशनच्या एका रांगेत स्फोट झाला.

मोजणी खात्यात रेडिओ लागला. सगळे खिडकीशी गोळा झाले. बाईंनी धाकटीला फोन लावला. लागला नाही. परत लावला. आणि तेव्हा त्यांच्या मनात जे आलं ते त्यांनी आयुष्यात कोणाला सांगितलं नसतं. पोरगी सापडली असेल का त्यात, हे नंतर आलं. आधी आलं ते दुसरंच. ती आज सकाळी कुठे होती? गेल्या गुरुवारी ती गप्प का होती? पिशवी कसली होती तिच्याजवळ?

त्या तशाच निघाल्या. बस बंद होत्या, दीड तास चालत गेल्या. तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. आई जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून, हात मांडीवर. तिने बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बाईंनी तिच्या. दोघींनाही कळलं, की समोरचीच्या मनात तेच आहे. बाई तिच्या शेजारी बसल्या. दुपार सरेपर्यंत त्या तिथे बसून राहिल्या; पाणी प्यायलाही उठल्या नाहीत.

चार वाजता जिन्यात पावलं वाजली. धाकटी आली. कोटाच्या बाहीवर रक्ताचे डाग, चेहरा उतरलेला.

“रक्तपेढीत नेलं आम्हाला सगळ्यांना,” ती चपला काढता काढता म्हणाली. “रक्त द्यायला केवढी रांग होती. दीडशे जणांचं घेतलं. फोन बंद पडला माझा, हात तरी कुठे रिकामा...” आणि मग तिने मान वर केली.

दोघींचे चेहरे तिने बघितले. आधी आईचा. मग बाईंचा, जरा जास्त वेळ.

“आईचं मी समजू शकते,” ती म्हणाली. “ती एकदा फसलीये. तुम्हीही?”

बाईंनी खोटं बोलायचा विचार केला. पण ती मुलगी दिवसभर माणसांच्या शिरा शोधत आली होती. तिला खोटं सापडलं असतं.

“हो,” बाई म्हणाल्या. “अर्धा रस्ता तेच मनात होतं.”

“आणि उरलेला अर्धा?”

“उरलेला अर्धा रस्ता स्वतःला शिव्या देत आले. पण विचार काही गेला नाही. तू दारात दिसलीस तेव्हा गेला.”

धाकटी मोरीत गेली आणि बराच वेळ हात धूत राहिली. बाहेर न येताच म्हणाली, “या गुरुवारी येऊ नका.”

बाई घरी गेल्या. सासूबाईंनी दार उघडलं. त्या दिवसभर खिडकीशी उभ्या होत्या, इतकी वर्षं जी खिडकी त्यांनी टाळली होती तिथे. “ती पोरगी ठीक आहे ना?” त्यांनी विचारलं. बाईंनी मान हलवली आणि सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून त्या रडल्या. नवरा गेला तेव्हाही इतक्या रडल्या नव्हत्या.

सांगितल्याप्रमाणे त्या गुरुवारी बाई गेल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी गेल्या. धाकटी घरात होती, पण आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. बाई आईशी बोलून परत आल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तसंच. आई कानकोंडी होऊन म्हणायची, “येईल ती. तुम्ही कशाला मनावर घेता?” बाई म्हणायच्या, “मी घेत नाही. तिने घेतलंय, आणि बरोबर घेतलंय.”

सहाव्या आठवड्यात धाकटी बाहेर आली. भिंतीला टेकून उभी राहिली.

“कामावर सगळे विचारत होते त्या दिवशी,” ती म्हणाली. “कोणी केलं असेल, कशाला केलं असेल. माझ्या तोंडाकडे बघून गप्प झाले. मला वाटलं, निदान या घरात तरी कोणी तसं बघणार नाही.”

“चुकलं माझं,” बाई म्हणाल्या.

“परत होईल?”

बाईंनी विचार केला. “कुठे स्फोट झाला तर होईल बहुतेक. एवढ्यात नाही जायचं ते. पण मी इथेच येईन आणि तोंडावर सांगेन. पोलिसांत जाणार नाही, आणि यायचं थांबवणार नाही.”

 खालच्या मजल्यावर कोणीतरी खिळा ठोकत होतं. तिघींनीही तो आवाज थांबेपर्यंत वाट बघितली.

“बसा,” ती म्हणाली. “मी चहा ठेवते.”